घरगुती लिथियम बॅटरी आणि हायब्रीड इन्व्हर्टर: दीड वर्षाच्या वापरानंतरचे परीक्षण

छपरावरच्या सोलर पॅनेलना जोडलेली घरगुती बॅटरी किमान दीड वर्ष वापरल्याशिवाय तिच्याविषयी काही लिहायचे नाही, असे मी ठरवले होते. ती मुदत आता पूर्ण झाली आहे. माझ्याकडचा संच ५ किलोवॉटची पॅनेल, ५ किलोवॉटचा हायब्रीड (म्हणजे पॅनेल, बॅटरी आणि ग्रिड या तिन्हींना जोडणारा) इन्व्हर्टर आणि लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारच्या दोन बॅटऱ्या असा आहे. प्रत्येक बॅटरीत १६ सेल एकापुढे एक जोडलेले असतात. एका सेलचे नाममात्र व्होल्टेज ३.२ असल्यामुळे पूर्ण बॅटरीचे ५१.२ व्होल्ट होतात आणि क्षमता १०० अँपिअर-तास आहे, म्हणजे एका बॅटरीत ५.१२ आणि दोन्हींत मिळून १०.२४ युनिट वीज मावते. उत्पादकाचे नाव मी मुद्दाम लिहिलेले नाही, कारण आतले सेल आणि त्यांच्यावर देखरेख करणारे बीएमएस (बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम) अनेक वेगवेगळ्या नावांच्या संचांत एकाच ठिकाणाहून आलेले असतात. त्यामुळे पुढे लिहिलेले बरेचसे गुणदोष एका नावाचे नसून या संपूर्ण वर्गाचे आहेत.

माझे मत आधीच सांगतो. वीज साठवण्याचे काम ही बॅटरी उत्तम करते. आपल्यात किती वीज आहे हे सांगण्याचे, ती कधी भरायची हे ठरवण्याचे आणि बिघाड झाल्यावर मालकाला मदत करण्याचे काम मात्र ती, किंवा तिच्याभोवती उभी केलेली व्यवस्था, फारच कच्चेपणाने करते. स्वच्छ ऊर्जेकडे जाण्याच्या वाटेवर रसायनशास्त्र आणि उत्पादन पुष्कळ पुढे गेले आहे आणि सॉफ्टवेअर, प्रमाणके व सेवा मागे राहिल्या आहेत, हे या एका संचात जितके स्पष्ट दिसते तितके कोणत्याही अहवालात मला दिसले नव्हते.

आधी रसायनाविषयी. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये पहिल्यांदा बाजारात आली, तेव्हा तिच्या धन टोकाला कोबाल्ट होते. लोह आणि फॉस्फेट यांचे संयुग त्या जागी वापरता येते, हे जॉन गुडइनफ यांच्या टेक्सास विद्यापीठातल्या गटाने १९९७ मध्ये प्रसिद्ध केले. हे संयुग स्वस्त आणि स्थिर होते. पण विजेचे इतके मंद वाहक होते की त्या अवस्थेत ते फारसे उपयोगाचे नव्हते. कण अतिशय बारीक करून त्यांच्यावर कार्बनचा पातळ लेप देण्याची युक्ती साधल्यावर ते वापरण्याजोगे झाले. गुडइनफ यांना २०१९ मध्ये स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांच्यासह रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, तेव्हा ते ९७ वर्षांचे होते. एखाद्या शोधाला प्रयोगशाळेतून घराच्या भिंतीपर्यंत यायला किती काळ लागतो, याचा अंदाज यावरून यावा.

लोह-फॉस्फेट सेल तेवढ्याच ऊर्जेसाठी निकेल-कोबाल्टवाल्या सेलपेक्षा जड असतात आणि जागाही जास्त घेतात. चारचाकीत ही अडचण ठरू शकते. भिंतीलगत एकाच जागी उभ्या राहणाऱ्या बॅटरीला वजनाचे सोयरसुतक नसते. त्या बदल्यात दोन मोठ्या गोष्टी मिळतात. पहिली म्हणजे सुरक्षितता. या संयुगातला ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असल्यामुळे सेल तापला तरी तो सहजी मोकळा होत नाही आणि आग स्वतःलाच खतपाणी घालत नाही. धोका शून्य होत नाही, कारण बिघडलेल्या सेलमधून ज्वलनशील वायू बाहेर पडू शकतात. म्हणून बॅटरी झोपण्याच्या खोलीत किंवा बाहेर पडण्याच्या वाटेवर कधीही बसवू नये. दुसरी गोष्ट आयुष्याची. उत्पादक ६,००० वेळा भरण्या-रिकामी करण्याचा आकडा देतात, म्हणजे रोज एकदा वापरली तर १६ वर्षांहून अधिक काळ. प्रत्यक्षात सेल वापराइतकेच निव्वळ वयानेही झिजतात आणि उष्ण जागेत पूर्ण भरलेल्या अवस्थेत राहिले तर अधिक वेगाने झिजतात, त्यामुळे मी त्या आकड्याकडे आश्वासन म्हणून पाहत नाही. तरीही दीड वर्षानंतर माझ्या मोजमापात क्षमतेतली घट जाणवण्याइतकी नाही, आणि बॅटरीकडून माझी मुख्य अपेक्षा तीच होती.

आता मोजमापाकडे वळतो. इन्व्हर्टरच्या स्वतःच्या आकड्यांवर विसंबायचे नाही म्हणून मी सुरुवातीलाच बॅटरीच्या बाजूला एक आणि घराच्या बाजूला एक असे दोन स्वतंत्र मीटर बसवून घेतले. बॅटरीत १०० युनिट घातले तर घराला साधारण ८८ युनिट परत मिळतात. उरलेले १२ दोन्ही वेळच्या रूपांतरात आणि थोडे सेलच्या आत उष्णता होऊन जातात. हे प्रमाण मला रास्त वाटते. जे रास्त वाटत नाही ते माहितीपत्रकात ठळकपणे लिहिलेले नसते, आणि ते म्हणजे इन्व्हर्टरचा स्वतःचा खर्च. माझा इन्व्हर्टर काहीही काम नसताना सुमारे ६० वॉट खातो. आकडा लहान दिसतो; पण २४ तासांचे १.४४ युनिट होतात आणि त्यातला रात्रीचा वाटा थेट बॅटरीतून जातो. दहा युनिटांच्या साठवणीसाठी रोज जवळपास दीड युनिट चौकीदाराला द्यावे, तसा हा प्रकार आहे. कमाल कार्यक्षमता ९७ टक्के, असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते. ती बऱ्यापैकी मोठ्या भाराची असते आणि घर रात्रभर पूर्ण भाराच्या एक दशांशावरही क्वचितच चालते. हा संच विकत घेणाऱ्याने सर्वप्रथम विचारावा असा प्रश्न कोणता, असे मला कोणी विचारले, तर मी हाच सांगेन: भार नसताना इन्व्हर्टर किती वॉट घेतो?

याच ६० वॉटांमुळे या संचाचा सर्वांत मोठा दोष मला सापडला. तिसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी पडद्यावर ३८ टक्के चार्ज दिसत होता आणि घरात नेहमीचाच भार होता. काही मिनिटांत आकडा एकदम ९ वर आला आणि थोड्याच वेळात बॅटरीने स्वतःला बंद करून घेतले. पुढच्या काही आठवड्यांत असे आणखी दोनदा झाले. आम्हाला आधी सेल खराब निघाला असे वाटले, विक्रेत्यालाही तसेच वाटले, आणि एक बॅटरी बदलण्यापर्यंत गोष्ट गेली. खरे कारण निराळे होते, आणि ते या रसायनाच्या स्वभावातच आहे.

जुन्या शिसे-आम्ल बॅटरीत चार्ज उतरत गेला की व्होल्टेजही हळूहळू उतरत जाते, त्यामुळे व्होल्टेज पाहून शिल्लक सांगता येते. लोह-फॉस्फेटमध्ये साधारण ९० टक्क्यांपासून २० टक्क्यांपर्यंत सेलचे व्होल्टेज जेमतेम एक दशांश व्होल्टने बदलते. मधल्या टप्प्यात सगळे पठारच असते, आणि पठारावर उभ्या असलेल्या माणसाला कडा किती दूर आहे ते कळत नाही. म्हणून बीएमएस आत येणारा आणि बाहेर जाणारा प्रवाह मोजून शिल्लक काढते. या मोजणीतली प्रत्येक लहान चूक साठत जाते. माझ्या बॅटरीच्या बीएमएसला अगदी लहान प्रवाह दिसतच नव्हता. ६० वॉट म्हणजे ५१ व्होल्टला सव्वा अँपिअरच्या आत, आणि दोन बॅटऱ्यांत विभागला की प्रत्येकी जवळपास अर्धा अँपिअर. हा प्रवाह रात्रभर बाहेर जात होता आणि हिशेबात धरला जात नव्हता. शिवाय मधले कित्येक दिवस ढगाळ होते, बॅटरी पूर्ण भरलीच नाही आणि पूर्ण भरल्यावरच होणारी आकड्याची दुरुस्ती झाली नाही. पडद्यावरचे ३८ टक्के आणि खरी शिल्लक यांतला फरक ही कित्येक दिवसांच्या विसरलेल्या खर्चाची बेरीज होती.

यावरचा उपाय साधा आहे. आठवड्या-पंधरवड्यातून एकदा बॅटरी पूर्ण १०० टक्के भरावी आणि तासभर त्या अवस्थेत राहू द्यावी, म्हणजे सेल एकमेकांच्या बरोबरीला येतात आणि मोजणी पुन्हा जागेवर येते. सूर्य नसेल तर त्यासाठी ग्रिडची वीज घ्यावी. हे मला सहा महिने कोणी सांगितले नाही. पुस्तिकेत ते नव्हते, बसवायला आलेल्या माणसांना माहीत नव्हते आणि सेवा केंद्राकडून प्रत्येक वेळी संच बंद करून पुन्हा सुरू करण्याचा सल्ला मिळाला. पुढे आलेल्या सॉफ्टवेअर सुधारणेत लहान प्रवाहासाठी ठराविक वजावट धरण्याची सोय झाली आणि त्यानंतर आकडे बऱ्यापैकी जुळू लागले. ही वजावट पहिल्या दिवसापासून धरता आली असती, ही खंत मात्र राहते.

दुसरा मुद्दा भरण्याच्या वेळेचा आहे, आणि माझ्या मते एका घरापुरता तो किरकोळ असला तरी संपूर्ण ऊर्जा-संक्रमणाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. कारखान्यातून येताना इन्व्हर्टरची रचना अशी असते की सकाळी ऊन पडले की घराचा भार भागवून उरलेली सगळी वीज बॅटरीत जावी. परिणाम असा होतो की स्वच्छ उन्हाच्या दिवशी माझ्या बॅटऱ्या अकराच्या सुमारास भरून जातात आणि नेमक्या भर दुपारी, जेव्हा आसपासच्या प्रत्येक छपरावरून वीज बाहेर पडत असते, तेव्हा माझी पॅनेलही पूर्ण जोमाने ग्रिडमध्ये वीज ढकलू लागतात. मुळात रोहित्राकडून घरांकडे वीज यावी म्हणून ओढलेल्या तारांमधून ती उलट वाहू लागली की टोकाच्या घरांपाशी व्होल्टेज चढते. २३० व्होल्टच्या व्यवस्थेत ते दहा टक्क्यांनी वर, म्हणजे २५३ च्या पुढे जाऊ लागले की इन्व्हर्टर स्वतःला तोडून घेतो. माझ्याकडे असे पहिल्या काही महिन्यांत अनेकदा झाले. दिवसातले सर्वांत चांगले ऊन वाया गेले, तेही बॅटरी घरात असताना.

कॅलिफोर्नियाच्या ग्रिड-चालकाने २०१३ मध्ये एक आलेख मांडला होता. त्यात दुपारी सौर विजेमुळे उरलेल्या मागणीत खोल खड्डा पडतो आणि सूर्यास्ताला ती एकदम उसळते. त्या आलेखाच्या आकारावरून त्याला बदकाचे नाव पडले. घरगुती बॅटरी या खड्ड्यावरचाच उपाय म्हणून सांगितली जाते. पण सकाळीच भरणारी बॅटरी दुपारचा खड्डा भरून काढत नाही. ती फक्त संध्याकाळचा चढ कमी करते. मी भरण्याचा वेग मर्यादित केला, सकाळी दहापर्यंत भरणे बंद ठेवले आणि बॅटरी दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण होईल असे वेळापत्रक लावले. व्होल्टेजमुळे इन्व्हर्टर बंद पडण्याचे प्रकार जवळपास थांबले, आणि बॅटरी पूर्ण भरलेल्या अवस्थेत कमी तास राहू लागल्यामुळे तिच्या आयुष्यालाही त्याचा फायदाच आहे. ढगाळ दिवसाचा अंदाज असेल तेव्हा मात्र हे वेळापत्रक हाताने बदलावे लागते. हवामानाचा अंदाज पाहून ते आपोआप बदलणे आज मुळीच अवघड नाही. काही संचांत ती सोय आहेही. माझ्या संचात ती नाही, आणि कारखान्यातून येणारी मूळ मांडणी तर अजूनही तीच जुनी आहे. मोठ्या संख्येने घरे तीच मांडणी न बदलता वापरत असतील, तर त्या सर्वांच्या बॅटऱ्या मिळून ग्रिडला दुपारी जो दिलासा देऊ शकल्या असत्या, तो देत नाहीत. एकही नवा सेल न बनवता, केवळ एक मूळ आकडा बदलून मिळणारा लाभ असा सोडून देणे मला मनापासून चुकीचे वाटते.

बॅटऱ्या हे काम किती चांगले करू शकतात याची उदाहरणे समोर आहेत. दक्षिण ऑस्ट्रेलियात २०१६ मध्ये संपूर्ण राज्य अंधारात गेल्यानंतर २०१७ मध्ये हॉर्न्सडेल येथे १०० मेगावॉटची बॅटरी उभी राहिली आणि ग्रिडची वारंवारता घसरू लागताच सेकंदाच्या अंशात प्रतिसाद देऊन तिने आपली उपयुक्तता दाखवली. कॅलिफोर्नियातही एप्रिल २०२४ मध्ये एका संध्याकाळी काही काळ बॅटऱ्या हाच वीजपुरवठ्याचा सर्वांत मोठा स्रोत ठरला. माझ्या इन्व्हर्टरमध्ये अशा प्रतिसादाची क्षमता आहे, पण ती उत्पादकाच्या परवलीच्या शब्दामागे बंद आहे.

वीज गेल्यावरचा अनुभव चांगला आहे आणि त्याबद्दल थोडक्यात सांगता येईल. बॅटरी नसलेला साधा ग्रिड-जोडणीचा सौर इन्व्हर्टर वीज गेली की ऊन असूनही बंद पडतो, कारण दुरुस्तीसाठी तारेला हात लावणाऱ्या वायरमनच्या जिवाला त्यातून धोका होऊ नये. हे अनेकांना पॅनेल बसवल्यानंतर कळते. हायब्रीड इन्व्हर्टर घराला ग्रिडपासून वेगळे करून स्वतःचा पुरवठा सुरू करतो, आणि माझ्याकडे तो इतक्या लवकर होतो की संगणक बंद पडत नाही. दिवे, फ्रिज, पंखे आणि इंटरनेट वेगळ्या ब्रेकरवर घेतले आहेत. पाण्याचा पंप मात्र त्यावर घेऊ नये. मोटर सुरू होतानाचा प्रवाह नेहमीच्या कित्येक पट असतो आणि त्या झटक्याने आमचा इन्व्हर्टर दोनदा बंद पडला.

सेवेविषयी सर्वांत जास्त नाराजी आहे. संचाची सगळी माहिती उत्पादकाच्या सर्व्हरवर जाते आणि तिथून आपल्या फोनवर येते. एकदा तो सर्व्हर दोन दिवस बंद होता, तेव्हा स्वतःच्या घरातल्या बॅटरीचे वेळापत्रक बदलणे मला शक्य झाले नाही. इन्व्हर्टर आणि बॅटरी एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात ती प्रत्येक उत्पादकाची थोडी वेगळी आहे. उद्या इन्व्हर्टर बिघडला आणि तो उत्पादक बाजारात नसला, तर चांगली चालणारी बॅटरी दुसऱ्या इन्व्हर्टरशी जुळेलच असे नाही. सेल १५ वर्षे टिकतील, पण इन्व्हर्टरमधले पंखे आणि कपॅसिटर तितके टिकण्याची शक्यता कमी, म्हणून ही काळजी काल्पनिक नाही. हमीपत्रही नीट वाचावे. दहा वर्षांची हमी म्हणजे दहा वर्षांच्या शेवटी मूळ क्षमतेच्या ७० टक्के शिल्लक राहण्याची हमी, आणि तीही एकूण किती युनिट बाहेर काढली व बसवलेल्या जागेचे तापमान किती होते यावर अवलंबून असते. संच इंटरनेटला सतत जोडलेला असणे ही माझ्या हमीपत्रातली एक अट आहे, हे मला खरेदीनंतर वाचायला मिळाले. ही अट मला अन्यायकारक वाटते.

आयुष्य संपल्यावर काय, हा प्रश्न या प्रकारच्या बॅटरीत थोडा विचित्र आहे. कोबाल्ट आणि निकेल नसल्यामुळे खाणींशी जोडलेले काही गंभीर प्रश्न टळतात, आणि त्याच कारणामुळे जुन्या बॅटरीतून परत मिळणाऱ्या मालाला फारसे मोल नसते, त्यामुळे पुनर्चक्रीकरण स्वतःच्या पायावर उभे राहणे कठीण जाते. युरोपीय संघाने २०२३ मध्ये केलेल्या बॅटरी नियमानुसार फेब्रुवारी २०२७ पासून २ युनिटांपेक्षा मोठ्या औद्योगिक वर्गातल्या बॅटऱ्यांना डिजिटल ओळखपत्र लागणार आहे; आत काय आहे आणि ती कुठून आली याची नोंद बॅटरीबरोबर राहावी, हा त्यामागचा हेतू. सोडियम-आयन बॅटऱ्याही येत आहेत आणि त्यांत लिथियमची गरजच नाही, पण तेवढ्याच ऊर्जेसाठी त्या अजून जड आहेत. घरासाठी आज निवड करायची तर मी लोह-फॉस्फेटच निवडेन.

या संचाकडून काय अपेक्षा करू नये, हेही सांगायला हवे. आमचा रोजचा वापर सुमारे १२ युनिट आहे. पूर्ण भरलेली बॅटरी एक संध्याकाळ आणि एक रात्र आरामात काढते. सलग तीन दाट ढगाळ दिवस आले की ३६ युनिटांची गरज आणि १० युनिटांची साठवण यांचा मेळ बसत नाही, आणि एका ऋतूतली वीज दुसऱ्या ऋतूसाठी साठवणे तर या बॅटरीचे कामच नाही. त्यासाठी पाणी उंचावर चढवून साठवणारे प्रकल्प, दूरच्या प्रदेशांना जोडणाऱ्या वाहिन्या आणि वाऱ्यासारखे दुसऱ्या वेळी उपलब्ध असणारे स्रोत लागतात. घरगुती बॅटरीने ग्रिडपासून मुक्ती मिळते अशी जाहिरात मी पाहिली आहे. ती दिशाभूल करणारी आहे.

ज्यांच्याकडे पॅनेल आहेत, वीज वारंवार जाते किंवा दुपारची वीज कमी दराने परत घेतली जाते, त्यांना हा संच मी सुचवेन, पण तीन अटींवर: भार नसतानाचा खर्च लेखी घ्यावा, स्थानिक जोडणीवरून, सर्व्हरशिवाय, आकडे वाचण्याची व वेळापत्रक बदलण्याची सोय आहे की नाही हे समोर चालवून पाहावे, आणि बॅटरी दुसऱ्या कोणत्या इन्व्हर्टरशी जुळते याची यादी मागून घ्यावी. माझ्यापुरते सांगायचे तर तिसरी बॅटरी घेण्याचा विचार मी सोडून दिला आहे. त्याऐवजी पाणी तापवण्याचे काम एका साध्या टायमरने दुपारी १२ ते २ मध्ये नेले. त्यामुळे संध्याकाळची गरज जवळपास दोन युनिटांनी उतरली आणि भर दुपारी ग्रिडमध्ये जाणारी वीजही तेवढीच कमी झाली.